वाचक विचारतात : किंग सनी आदे आणि जुजू संगीत

नायजेरियातल्या योरुबा समाजाच्या गायकांविषयी या महिन्यात बरीच पत्रं आली आणि त्यातली बहुतेक एकाच नावापाशी येऊन थांबतात : किंग सनी आदे. म्हणून हे सदर या वेळी त्यांच्यासाठी आणि त्यांच्या जुजू संगीतासाठी, म्हणजे गिटारी आणि बोलणारे ढोल यांच्या साथीनं समारंभांत रंगणाऱ्या योरुबा गाण्यासाठी.

'किंग' हे नुसतं बिरुद आहे की घराणं खरंच राजाचं? आणि ते गाण्यात आले कसे? (सांगली)

दोन्ही खरं आहे. जुजूचा राजा हे बिरुद रसिकांनी दिलं, पण घराणंही ओंडो गावच्या राजकुळातलं. जन्म २२ सप्टेंबर १९४६चा, ओशोग्बो इथला. पूर्ण नाव संडे अदेनियी अदेगेये. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, आई व्यापार करायची. वाजवून पोट भरणारा म्हणजे मागून खाणारा, अशी योरुबा समाजात जुनी समजूत. राजकुळातल्या मुलानं तो रस्ता धरणं घरी रुचण्यासारखं नव्हतंच. शिकायला लागोस या मोठ्या शहरात जातो असं सांगून ते निघाले आणि मोझेस ओलाइया यांच्या फेडरल ऱ्हिदम डँडीज या संचात दाखल झाले. (हेच ओलाइया पुढे 'बाबा साला' या नावानं नायजेरियाचे लाडके विनोदी नट झाले.)

१९६७ साली आदे यांनी स्वतःचा संच काढला, ग्रीन स्पॉट्स. त्या वेळी जुजूतलं मोठं नाव होतं आय. के. दाइरो. त्यांना १९६३ साली ब्रिटिश सरकारचा एमबीई किताब मिळाला होता आणि त्यांच्या संचाचं नाव होतं ब्लू स्पॉट्स. निळ्याच्या जागी हिरवा आला, तो उगाच नाही. आदे यांच्या गळ्यावर छाप मात्र जुजू गायक तुंदे नाइटिंगेल यांची : उंच पट्टीतला, किंचित नाकातून येणारा, कधीही न ओरडणारा आवाज. पुढे संचाचं नाव आफ्रिकन बीट्स झालं. १९७४ साली रेकॉर्ड कंपनीशी करारावरून बिनसलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि आदे यांनी सनी अलादे रेकॉर्ड्स ही स्वतःची कंपनी उभी केली. हा निर्णय आम्हाला फार मोलाचा वाटतो, कारण तिथून पुढे काय ध्वनिमुद्रित करायचं आणि किती लांब, हे त्यांचं त्यांनी ठरवलं.

मी तबला वाजवतो. त्यांच्या गाण्यात एक ढोल चक्क बोलल्यासारखा वाजतो. डग्ग्यावर मनगट दाबून मींड काढतो तसंच ते आहे का? आणि तो शिकता येईल का? (नाशिक)

कानाला जवळचं वाटतं, पण कारागिरी वेगळी. डग्ग्यावर तुम्ही पुडीच दाबता. इथे पुडीला हातही लागत नाही, दाबायच्या त्या वाद्या. एका लाकडाचं, डमरूसारखं मध्ये निमुळतं खोड असतं. दोन्ही तोंडांवर कोवळ्या बकरीच्या पातळ कातड्याच्या पुड्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चामड्याच्या वाद्या एकमेकींना लागून ओवलेल्या. वाद्या कमरेशी दाबल्या की दोन्ही पुड्या एकदम ताणल्या जातात आणि स्वर चढतो. चांगल्या वाद्यावर सप्तकभर फरक सहज पडतो. या घराण्याला दुंदुन म्हणतात. त्यातला लहान, काखेत धरायचा तो गांगान. मोठा, मुख्य बोलणारा तो इया इलू, म्हणजे ढोलांची आई.

तो बोलतो ते असं. योरुबा भाषेत प्रत्येक अक्षराला उंच, मधली किंवा खालची पट्टी असते आणि पट्टी बदलली की अर्थ बदलतो. 'ओको' दोन्ही अक्षरं मधल्या पट्टीत म्हटलं तर नवरा, शेवट उंच गेला तर कुदळ, शेवट खाली उतरला तर होडी किंवा गाडी, दोन्ही अक्षरं खाली असतील तर भाला. ढोल स्वर-व्यंजनं काढू शकत नाही. तो फक्त पट्टी आणि लय दाखवतो. त्यामुळे सुटा शब्द वाजवला तर ऐकणाऱ्याला तो नवरा की दुसराच कुठला शब्द, हे कळायचं नाही. म्हणून वादक अख्खी म्हण, अख्खी बिरुदावली वाजवतो. लांब ओळ ओळखीची असली की अर्थ आपोआप पक्का होतो. योरुबा येत नसलेल्या वादकाचं वाजवणं तालात बसतं, पण ते बोलणं होत नाही.

शिकायचं तर गांगानपासून. पट्टा डाव्या खांद्यावर, वाद्य डावा दंड आणि बरगड्या यांच्या मध्ये, डाव्या हाताची बोटं काही वाद्यांवर. उजव्या हातात टोकाशी वाकडी, चपट्या तोंडाची काठी. आघात पुडीच्या मध्यावर. पहिले काही आठवडे फक्त तीन स्वर घोटावेत : वाद्या पूर्ण सोडून खालचा, पूर्ण दाबून वरचा, अर्ध्या दाबावर मधला. चुका ठरलेल्या आहेत. काठी आणि दाब एकाच वेळी आले, किंवा दाब मागून आला, की स्वर घसरत वर जातो आणि सरळ उंच अक्षराच्या जागी भलतंच ऐकू येतं. आधी दाब, मग काठी. मुद्दाम घसीट हवी असेल तेव्हाच क्रम उलटा. दुसरी चूक, दोन आघातांच्या मध्ये दाब न सोडणं. त्यानं खालचा स्वर हरवतो आणि दंडही लवकर भरून येतो. मधला स्वर सगळ्यांत अवघड, कारण दाब कुठे थांबवायचा हे सांगायला काहीच आधार नसतो. तो कानानंच धरायचा.

विकत घेताना पुडी पारखा. पर्यटकांसाठी केलेल्या ढोलांची पुडी बरेचदा जाड असते आणि वाद्यांच्या जागी नायलॉनची दोरी ओवलेली असते. जाड पुडी कितीही दाबली तरी स्वर पुरेसा चढत नाही आणि नायलॉन ताणून सैल पडतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पातळ पुडी ओल धरून मऊ पडते. तेव्हा गॅसवर शेकू नका, कातडं एका बाजूनं आक्रसून फाटतं. कोरड्या कपाटात ठेवून सावकाश सुकू द्या, आणि वाद्यांभोवती दोरी आवळून ताणलेलं कधीच ठेवू नका.

व्हिडिओत लोक गायकाच्या कपाळाला नोटा चिकटवताना दिसतात. हा अपमान नाही का? (कोल्हापूर)

तमाशातली दौलतजादा आठवा, म्हणजे निम्मं कळेल. उरलेलं निम्मं असं, की जुजूचं अर्थकारणच त्यावर उभं आहे. लग्न, नामकरण, घरभरणी, वयोवृद्धाचं दफन, कुठल्याही मोठ्या समारंभाला यजमान संच बोलावतो आणि तो रात्रभर वाजवतो. नातेवाईक एकाच कापडाचे कपडे शिवून येतात. गायकाला जवळचा कुणीतरी पाहुण्याचं नाव, वडिलांचं नाव, गाव, पदवी पुरवतो. गायक ती माहिती ओळीत गुंफतो, ढोल तीच बिरुदावली पुन्हा वाजवतो आणि तो पाहुणा नाचत पुढे येऊन एकेक नोट घामेजल्या कपाळावर लावतो. पडलेल्या नोटा संचातलाच एक जण गोळा करतो. १९७०च्या दशकात तेलाचे भाव भडकले, लागोसमध्ये पैसा आला, समारंभ वाढले आणि संचही वाढले. आदे यांचा संच वीसेक माणसांपर्यंत गेला तो याच काळात.

आता कायदा आड येतो. नायजेरियाच्या २००७च्या मध्यवर्ती बँक कायद्यानुसार नायरा या तिथल्या चलनाच्या नोटा अशा उधळणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान सहा महिने कैद, किंवा किमान ५०,००० नायरा दंड, किंवा दोन्ही. बरीच वर्षं त्याकडे दुर्लक्ष झालं, पण २०२४ साली त्याखाली खरोखर तुरुंगवास झाला आहे.

त्यांची एकेक रेकॉर्ड म्हणजे १८-२० मिनिटांचं एकच गाणं. सुरुवात कुठून करावी? (ठाणे)

नायजेरियात निघालेल्या रेकॉर्डची एक बाजू म्हणजे रात्रभराच्या मैफलीतला एक तुकडा. गाणी एकातून एक निघतात, मध्ये थांबा नाही. सुरुवातीला ते जड जाणार असेल तर १९८२ सालची 'जुजू म्युझिक' घ्या. तिच्यात सात सुटी गाणी आहेत. पहिलं 'जा फुन मी', म्हणजे 'माझ्यासाठी लढ'. गायक हे आपल्या 'ओरी'ला, स्वतःच्या मस्तकाला, सांगतो. योरुबा श्रद्धेत प्रत्येकाचं नशीब तिथे वसतं. हेच गाणं चार वेळा ऐका. पहिल्यांदा फक्त बेस. दुसऱ्यांदा गिटारी : प्रत्येक जण दोन-चार स्वरांचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतो, आणि चाल ऐकू येते ती या तुकड्यांच्या गुंफणीतून, कुणा एकाच्या हातातून नव्हे. तिसऱ्यांदा आवाज थांबतो तिथे ढोल काय करतो ते. चौथ्यांदा मुख्य गायक आणि साथीदार यांची देवाणघेवाण. मग १९७०च्या दशकातल्या लांब रेकॉर्डकडे वळा. हेडफोन लावून ऐकलंत तर गिटारी वेगळ्या काढणं सोपं जाईल.

मध्येच हवाईयन गिटारसारखं काहीतरी रडवेलं वाजतं. ते काय? (इंदूर)

पेडल स्टील गिटार. स्टँडवर आडवी ठेवलेली, तारांवरून पोलादी कांब सरकवून वाजवतात. पायाच्या पेडलांनी आणि गुडघ्यानं हलणाऱ्या दांड्यांनी काही ठरावीक तारांचाच स्वर चढतो-उतरतो. त्यामुळे एक तार स्थिर राहून दुसरी घसरते, जे साध्या हवाईयन गिटारवर जमत नाही. अमेरिकन कंट्री संगीतातलं हे वाद्य आदे यांनी जुजूत आणलं. वाजवणारे देमोला अदेपोजू. आमच्या मते ते इतकं शोभलं याचं कारण ढोलच : दोन्ही वाद्यांचा स्वर घसरतो, म्हणून दोघांचं बोलणं जुळतं.

आयलंड या रेकॉर्ड कंपनीनं तीन रेकॉर्डनंतर त्यांना सोडलं. म्हणजे ते परदेशात पडले ना? (पुणे)

कंपनीच्या हिशेबानं, हो. आयलंडचे जमैकन रेगे गायक बॉब मार्ली १९८१ साली गेले आणि आयलंडला तशाच जगभर चालणाऱ्या नावाची गरज होती. फ्रेंच निर्माते मार्तां मेसोनिए यांच्या हाताखाली 'जुजू म्युझिक', १९८३ साली 'सिंक्रो सिस्टम', १९८४ साली 'ऑरा' निघाली. 'सिंक्रो सिस्टम'ला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, 'ऑरा'त स्टीव्ही वंडर यांनी हार्मोनिका वाजवली. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. भाषा योरुबाच ठेवली, गाण्याचा गाभाही बदलला नाही, आणि ते बरोबरच होतं असं आम्हाला ठामपणे वाटतं. मार्लींची गाणी इंग्रजी बोलतात आणि आटोपशीर असतात. जुजूचा जीव समोर बसलेल्या माणसाचं नाव घेण्यात आहे, आणि लंडनच्या दुकानात रेकॉर्ड घेणाऱ्याचं नाव कोण घेणार? त्याच सुमाराला संचही फुटला. आदे यांनी गोल्डन मर्क्युरी नावानं नवा संच बांधला. नायजेरियात त्यांच्या रेकॉर्ड या सगळ्या काळात निघत आणि खपत राहिल्या. १९९८च्या 'ओडू'ला पुन्हा ग्रॅमी नामांकन मिळालं, आणि ती रेकॉर्ड पारंपरिक योरुबा गाण्यांची होती.

फेला कुटी, एबेनेझर ओबे, बॅरिस्टर, हे सगळे जुजूच का? (पणजी)

ओबे जुजूचेच, आदे यांचे खरे प्रतिस्पर्धी. गाण्यात उपदेश जास्त, पुढे ते ख्रिस्ती प्रचाराकडे वळले. फेला यांचं अफ्रोबीट वेगळं : सॅक्सोफोन, पिजिन म्हणजे तिथली मिश्र बोली इंग्रजी, सरकारवर थेट हल्ला. सिकिरू आयिंदे बॅरिस्टर यांचं फुजी रमझानमध्ये पहाटे लोकांना उठवायला गायच्या गाण्यांतून वाढलं. मुळात त्यात गिटार नाही, नुसते ढोल आणि गळा. ओळखायची सोपी खूण : गिटारींची गुंफण असेल तर जुजू, ती नसून ढोलांचा गजर असेल तर फुजी.