आधी जवळचं चर्च, मग आवडीचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वसईतल्या नंदाखालहून नवरा, पहिलीतली मुलगी आणि सासूबाई असे सगळे कॅनडात, टोरांटोशेजारच्या मिसिसागाला येताय. मराठी मिस्सा (आपली कॅथलिकांची रविवारची उपासना) मिळेल का? भारतीय लोकांचं चर्च शोधावं की घराजवळचं धरावं? नवऱ्याचे मित्र एका 'फार प्रेमळ' चर्चचं नाव सांगताहेत, तिकडे जावं का? मी मूळचा वसईतल्याच गासचा, आता राहायला मिसिसागात. उत्तर जरा लांबणार आहे.

मराठी मिस्सेचं आधी सांगतो, म्हणजे आशा धरून बसणार नाही. दर रविवारी मराठी मिस्सा मिळेल हे गृहीत धरून इथे येऊ नका. वसईचे कुणी फादर पाहुणे म्हणून आले की चार घरं जमतात, एखाद्या हॉलमध्ये किंवा कुणाच्या तळघरात मराठी मिस्सा होते, गाणी होतात, जेवण होतं. ते फार गोड असतं, पण ते तुमचं चर्च नव्हे. मुलीचा पहिला कम्युनियन (पवित्र भाकरी पहिल्यांदा घेण्याचा विधी) तिथे होणार नाही आणि सासूबाई आजारी पडल्या तर तिथून कुणी फादर प्रार्थना करून पवित्र तेल लावायला येणार नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्या पॅरिशच्या, म्हणजे धर्मग्रामाच्या, हद्दीत घर येईल तिथेच आधी नाव नोंदवा. आवडनिवड त्यानंतर. आपल्याकडे नाव नोंदवावं लागतच नाही. आजोबांपासून फादरांना घर माहीत असतं, विभागाचे लोक दारात येतात. इथे तुम्ही वर्षभर दर रविवारी शेवटच्या बाकावर बसलात तरी ऑफिसच्या लेखी तुम्ही कुणीच नसता. फॉर्म भरला की कुटुंब म्हणून नोंद होते, दानाची नंबर छापलेली पाकिटं मिळतात. पाकिटातून दिलेल्या पैशांची वर्षअखेर पावती येते आणि ती करसवलतीला चालते. ताटात सुटी टाकलेली नोट कुणाच्या नावावर लागत नाही. पुढे कुणाची गॉडमदर व्हायचं असो की फादरांचं पत्र हवं असो, पहिला प्रश्न हाच येतो: तुम्ही आमच्याकडे नोंदलेले आहात का?

मिसिसागा आणि ब्रॅम्प्टन दोन्ही टोरांटोच्या आर्चडायोसीसमध्ये, म्हणजे तिथल्या आर्चबिशपांच्या धर्मप्रांतात येतात. पलीकडे ओकव्हिल, बर्लिंग्टनला घर घेतलंत तर हॅमिल्टन धर्मप्रांत लागतो. चर्च शोधायचं ते धर्मप्रांताच्या वेबसाइटवर, पत्ता टाकून. नुसतं गूगलवर 'सेंट अमुक' बघून जाऊ नका. अँग्लिकन चर्च कॅथलिक नव्हे, पण तिथेही मेणबत्त्या, झगे, वेदी, कम्युनियन सगळं असतं आणि सासूबाईंना फरक कळणार नाही. पाटीवर रोमन कॅथलिक आहे का बघा. शंका राहिलीच तर मिस्सेत कान द्या: पोप लिओ आणि स्थानिक बिशपांचं नाव घेऊन प्रार्थना होते. (टोरांटोत सध्या गंमत अशी की आर्चबिशपांचं आडनावही लिओच.)

'भारतीय चर्च' म्हणून कुणी सांगितलं तर ते बहुधा केरळी लोकांचं असतं. मिसिसागात सिरो-मलबार पंथाचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे, २०१८ पासून. ते कॅथलिकच आहेत, पोपना मानणारे, तिथली रविवारची उपासना तुमच्यासाठी पूर्ण धरली जाते. पण उपासनेची रीत वेगळी आणि भाषा बहुतेक वेळा मल्याळम. भारतीय चेहरे दिसले म्हणून आपलेपणा वाटेल, गाणं मात्र एकही ओळखीचं नसेल. गोव्याच्या आणि मंगलोरच्या लोकांची संख्या इथे बरीच आहे, त्यांच्या कोंकणी मिस्सा अधूनमधून होतात. सासूबाईंना त्या जवळच्या वाटतील. आणि आडनावामुळे एक होईलच: परेरा, घोन्सालविस, रॉड्रिग्ज असं काही ऐकलं की पॅरिश ऑफिसमधली बाई तुमच्याशी पोर्तुगीजमध्ये सुरू होईल. मिसिसागात पोर्तुगीज लोक भरपूर आहेत, त्यांचं स्वतःचं चर्चही आहे. हसा आणि वसईचं नाव सांगा.

आता त्या 'प्रेमळ' चर्चबद्दल. नवीन आलेल्या माणसाला विमानतळावरून आणणं, गादी देणं, जेवायला बोलावणं हे काही बिगर-कॅथलिक मंडळी फार मनापासून करतात, आणि त्यात वाईट काही नाही. पण ती गादी घेताना पुढचा रविवार आपोआप तिकडचा ठरतो आणि वर्षभराने आपण कुठे आहोत हे कळत नाही. मदत कॅथलिकांकडेही मिळते, फक्त ती विचारावी लागते. बऱ्याच पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असते. ती घरी येऊन गरज बघते आणि जमेल तशी धान्य, कपडे, फर्निचरची मदत करते. कॅथलिक क्रॉसकल्चरल सर्व्हिसेस ही संस्था टोरांटो आणि पील (मिसिसागा-ब्रॅम्प्टनचा) भागात नवीन आलेल्यांना कागदपत्रं, नोकरी, इंग्रजीचे वर्ग यांत मदत करते. तुमचा धर्म कुठला हे तिथे कुणी विचारत नाही.

घर बघताना चर्चपर्यंतचं अंतर बसने मोजा, गाडीने नको. पहिले काही महिने गाडी नसेल. रविवारी बसच्या फेऱ्या कमी असतात आणि जानेवारीत उणे दहा अंशात सासूबाईंना थांब्यावर उभं करणं म्हणजे काय ते इथे आल्यावरच कळेल. दोन घरं भाड्याने सारखीच असतील तर ज्याच्यापासून चर्चला चालत जाता येईल ते घ्या.

नोंदणी झाली की मग चाखून बघा, पण घाईने चर्च बदलू नका. आधी मिस्सा बदलून बघा. एकाच चर्चमध्ये रविवारी सकाळी आठची मिस्सा म्हणजे म्हातारी माणसं, गाणं नाही, पस्तीस-चाळीस मिनिटांत घरी. दहा-साडेदहाची म्हणजे कोयर (गाणारा गट), लेकरं, गोंधळ; तिथे बरेचदा प्रवचनाच्या आधी मुलांना वेगळ्या खोलीत नेऊन त्यांच्या भाषेत शुभवर्तमान सांगतात आणि परत आणतात. संध्याकाळच्या मिस्सेला तरुण, गिटार. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची म्हणून चालते. तुमच्या नवऱ्याला शिफ्ट असेल तर तीच कामी येईल. ज्याला कुणी 'हे चर्च थंड आहे' म्हणतो तो बहुतेक चुकीच्या वेळेला गेलेला असतो.

थंडपणाचं म्हणाल तर तो आहेच. मिस्सा संपली की पार्किंग दहा मिनिटांत रिकामं. आपल्यासारखं अंगणात उभं राहून तासभर गप्पा, कुणाच्या वाडीत काय लागवड, कुणाचं लग्न ठरलं, तसलं काही नाही. ज्या रविवारी खाली हॉलमध्ये कॉफी आणि डोनट असतात किंवा नाइट्स ऑफ कोलंबस या कॅथलिक पुरुषांच्या संघटनेचे लोक पॅनकेक करतात, त्या दिवशी मुद्दाम थांबा. ओळखी तिथेच होतात. त्याहून पक्की ओळख काम घेतल्याने होते: कोयर, वाचन, वेदीची फुलं. मुलांबरोबर किंवा आजाऱ्यांच्या घरी जायचं काम असेल तर पोलिसांचा दाखला मागतात. त्यात अपमान मानू नका, सगळ्यांनाच मागतात.

चर्च बरं की नाही हे मी गाण्यावरून किंवा प्रवचनावरून ठरवत नाही. बुलेटिन, म्हणजे चर्चचं सूचनापत्रक, घेऊन वाचतो. कन्फेशनची वेळ ठरलेली आहे की 'फोन करून या'? आजाऱ्यांना घरी कम्युनियन नेतात का? मुलांची तयारी कधी सुरू होते? ऑफिसला ईमेल केला तर उत्तर किती दिवसांत येतं? या गोष्टी नीट असतील तर फादरांचा उच्चार कळला नाही तरी चालतं. आणि तो पहिल्यांदा कळणार नाहीच, कारण इथले फादर फिलिपिन्स, नायजेरिया, पोलंड, केरळ असे कुठलेही असू शकतात.

सासूबाईंसाठी एक उपाय आहे. रविवारची वाचनं जगभर जवळपास सारखीच असतात, तीन वर्षांच्या चक्राने. तेव्हा शनिवारी रात्री घरी मराठी बायबलमधून दुसऱ्या दिवसाची वाचनं मोठ्याने वाचा. सकाळी इंग्रजीत काय चाललंय हे त्यांना बरंचसं समजेल, आणि मुलीच्या कानावर मराठीही पडेल. वसईची मिस्सा यूट्यूबवर लावायची असेल तर हिवाळ्यात इथली घड्याळं साडेदहा तास मागे असतात, उन्हाळ्यात साडेनऊ; म्हणजे हिवाळ्यात तिकडची रविवार सकाळी सातची मिस्सा इकडे शनिवारी रात्री साडेआठला. पण धडधाकट माणसाने त्यावर भागवू नये.

मुलीच्या शाळेमुळे चर्च आणखी महत्त्वाचं. ऑन्टारियो प्रांतात (मिसिसागा त्यातच येतं) कॅथलिक शाळा सरकारी पैशावर चालतात, फी नाही. १८६७ च्या घटनेच्या ९३व्या कलमाने ते संरक्षण दिलंय. (सगळ्या कॅनडात असं नाही, क्वेबेक आणि न्यूफाउंडलंडमध्ये ही पद्धत नव्वदच्या दशकात संपली.) मिसिसागा-ब्रॅम्प्टनसाठी डफरिन-पील कॅथलिक बोर्ड आहे. प्राथमिक शाळेत घालताना मुलीचा किंवा आईबापांपैकी एकाचा बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. पहिला कम्युनियन साधारण दुसरीत होतो, म्हणजे तुम्ही आल्या आल्या तयारीची चौकशी करा. शाळा आणि पॅरिश दोघं मिळून करतात, पण नाव पॅरिशमध्ये द्यावं लागतं.

म्हणून निघण्याआधी धर्मग्रामाच्या ऑफिसात जाऊन सगळ्यांचे बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे, तुमचा लग्नाचा, असे दाखले नव्याने काढून घ्या, शिक्क्यासह, इंग्रजीत. पासपोर्टवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव अक्षराला अक्षर जुळतंय का बघा. आपल्या आडनावांची स्पेलिंगं घराघरांत वेगळी असतात, चुलत भावंडांचीसुद्धा जुळत नाहीत, आणि जुन्या नोंदवहीत कधी घरचंच नाव लिहिलेलं असतं. ते तिथेच फादरांकडून दुरुस्त होतं, इथून करायला गेलात तर महिने जातात. फादरांकडून ओळखीचं एक साधं पत्रही मागा: हे कुटुंब आमच्या धर्मग्रामातलं, नियमित उपासनेला येणारं.

सणांची तयारी मनाशी ठेवा. १५ ऑगस्टला आपल्याकडे सुट्टीही आणि मरियेचा सणही. इथे तो कामाचा दिवस, मिस्सा बंधनकारकही नाही. रविवार सोडून कॅनडात फक्त नाताळ आणि १ जानेवारी बंधनकारक. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी चार-पाचच्या मुलांच्या मिस्सेला सगळ्यात जास्त गर्दी होते, अर्धा तास आधी पोचा नाहीतर उभं राहावं लागेल. गुड फ्रायडेला मिरवणूक बघायची असेल तर टोरांटोच्या लिटल इटलीत सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चची निघते. थंडीचे कपडे घालून जा.

घराचा पत्ता ठरला की कळवा. त्या भागातलं चर्च आणि रविवारची बस मी बघून सांगतो.