उठून जाता येतं का, तेवढं बघ

बाबू,

तुझा मेसेज वाचला. फोंडा-पणजी बसमध्ये रील बघत होतास, आवाज तुझ्या मते काय फार नव्हता, तरी पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून चार लोकांत झापलं, आणि त्याच बसमध्ये ड्रायव्हरने टेप केवढ्याने लावलेला त्याला कोणी चकार शब्द बोललं नाही, हा कुठला न्याय, असं तुझं म्हणणं. रागावून लिहिलायस पण प्रश्न चांगला आहे. माझ्याकडे साऊंड शिकायला येतोस ना, मग याचं उत्तर तुला यायलाच पाहिजे, कारण अर्धं उत्तर आपल्या मिक्सरवरच आहे.

फोनचा स्पीकर केवढा, नखाएवढा. त्यातून बेस निघणारच कुठून? तबल्याची क्लिप फोनवर लावून बघ, डग्गा गायब आणि नुसती टकटक. खालचं सगळं कापलं जातं आणि उरतं ते वरच्या पट्टीतलं किरकिरं, आणि गंमत म्हणजे माणसाचा कान साधारण २ ते ५ हजार हर्ट्झच्या मधेच सगळ्यात तिखट असतो. म्हणजे तुझा 'फार नसलेला' आवाज नेमका जिथे टोचतो तिथेच टोचत होता. ड्रायव्हरचं गाणं मोठं असतं पण ते पाच मिनिटं एकच चालतं, माणूस थोड्या वेळाने त्याला मागे टाकतो आणि खिडकीबाहेर बघत बसतो. रील पंधरा सेकंदांनी बदलते, आता हसणं, आता ढोल, आता कोणीतरी किंचाळतंय, मग परत तेच हसणं पहिल्यापासून, मागे टाकायला वेळच देत नाही. (ड्रायव्हर बरोबर असं मी म्हणत नाहीये हां, त्याच्या टेपवर एक वेगळं पत्र लिहीन कधीतरी.)

आता दुसरं अर्धं. मी एवढंच बघतो, समोरच्याला उठून जाता येतं का. डोळे मिटता येतात, मान वळवता येते, कानाला झाकण नाहीये, त्यामुळे आवाज नको असला तर माणसाकडे एकच उपाय उरतो, तिथून निघून जायचं. मिरामारच्या किनाऱ्यावर संध्याकाळी कोणी मोठ्याने फोनवर बोलत असला तर मी पन्नास पावलं पुढे जातो, विषय संपला. रायबंदर-चोडण फेरीबोटीतही पलीकडच्या टोकाला जाऊन उभं राहता येतं, आणि तसंही तिथे इंजिनच्या आवाजात तुझं काय ऐकू येणार. पण चालत्या बसमध्ये खिडकीची सीट मिळालेली बाई कुठे जाईल? डॉक्टरच्या दाराबाहेर नंबर लावून बसलेला माणूस, बँकेत टोकन घेऊन बसलेला माणूस, लिफ्टमधली माणसं, रेल्वेत वरच्या बर्थवर आडवी झालेली आजी, यांना जायला जागाच नाही. जेवढी जागा बंद तेवढा फोन गप्प, इतकं लक्षात ठेवलंस तर प्रत्येक ठिकाणचा वेगळा नियम पाठ करायला नको.

कॉलचं जरा सविस्तर सांगतो कारण तिथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. आजूबाजूला आवाज असला की माणूस आपोआप वरच्या आवाजात बोलायला लागतो, त्याला लोंबार्ड परिणाम म्हणतात, १९११ मध्ये एका फ्रेंच डॉक्टरने हे दाखवून दिलं. जत्रेत स्टेजवर तू बघितलंयस ना, मॉनिटर (गायकाला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर) कमी पडला की गायक ओरडायला लागतो, तेच हे. बसमध्ये इंजिन घुरघुरतंय म्हणून तू ओरडतोस, पण पलीकडच्याला ते इंजिन फारसं ऐकूच येत नाही, आजकालच्या बहुतेक फोनमध्ये दुसरा माईक असतो तो आजूबाजूचा गोंगाट कापायलाच दिलेला. म्हणजे तू ओरडतोस ते फक्त आमच्यासाठी. फोन तोंडाजवळ धर आणि साध्या आवाजात बोल, ऐकू जातं.

आणि लोकांना राग आवाजाचाच येतो असंही नाही. शेजारी दोघं गप्पा मारत असतील तर एवढा त्रास होत नाही जेवढा एकटा फोनवर बोलणाऱ्याचा होतो. २०१० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी याचा प्रयोग केला होता, अर्धंच संभाषण कानावर पडलं तर माणसाचं हातातल्या कामावरचं लक्ष जास्त उडतं असं निघालं, कारण दुसरी बाजू काय म्हणाली असेल ते डोकं आपोआप भरत बसतं. 'हो... हो... नाही रे... मग तिने काय सांगितलं?' एवढं ऐकल्यावर माझंही पुस्तक बाजूला राहतं आणि मी मनात तिने काय सांगितलं ते शोधत बसतो, नको असताना! म्हणून बसमध्ये कॉल आलाच तर 'बसमध्ये आहे, उतरून करतो' एवढं बोलून ठेव. घरचं काही तातडीचं असेल तर घे ना, बोल, कोणी राग धरत नाही, माणसाच्या चेहऱ्यावरून कळतं.

यावर तू म्हणशील मग स्पीकरवर टाकतो, दोन्ही बाजू ऐकू येतील. नको रे! स्पीकरवर टाकलास की समोरच्याला पत्ता नसतो आपलं बोलणं अख्खी बस ऐकतेय. मागे एक बाई आपल्या जावेच्या ऑपरेशनचं सगळं सविस्तर सांगत होती पलीकडून, आणि इकडे आम्ही सगळे म्हापसा येईपर्यंत ते ऐकतोय, उतरताना लोकांना कुठे बघावं कळेना. स्पीकर लावायचाच असेल तर आधी 'स्पीकरवर आहेस हां' असं सांगायचं, घरात सुद्धा. आणि व्हॉइस नोट आली तर फोन नुसता कानाला लाव, व्हॉट्सअॅपवर ती आपोआप स्पीकरवरून कानातल्या बारीक आवाजावर जाते, हे कितीतरी जणांना माहीतच नाही, ते बिचारे फोन तोंडासमोर आरशासारखा धरून अख्ख्या तिंट्याला, म्हणजे बाजाराला, ऐकवतात.

नाटकाचं तुला वेगळं सांगायला नको, आपलं पोटच त्यावर आहे. तरी सांगतो. सायलेंट म्हणजे व्हायब्रेट नव्हे, लाकडी खुर्चीच्या हातावर ठेवलेला फोन व्हायब्रेट झाला की तीन रांगांना कळतो. आणि उजेड. कला अकादमीत स्पर्धेचं नाटक चालू असताना अंधारात एकाने फोन उघडला की मागच्यांचे डोळे स्टेजवरून सुटतात, विंगेतून हे स्पष्ट दिसतं. तुझ्या जन्माच्या आसपासची गोष्ट, २जी फोन होते तेव्हा माईकच्या वायरीजवळ कोणी फोन घेऊन उभा राहिला तर रिंग वाजायच्या आधीच बॉक्समधून टिटिट-टिटिट-टिटिट यायचं, ऐन भावनेच्या प्रवेशात, आणि नटाच्या आधी प्रेक्षकांना कळायचं कोणालातरी कॉल येतोय. आता तो प्रकार जवळपास गेला, पण विंगेत फोन बंद ही माझी अट तेव्हापासूनची आहे ती तशीच राहील.

कायद्याचंही थोडं माहीत असू दे, आपल्या धंद्यात लागतं. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ बंदिस्त जागा सोडून लाऊडस्पीकर चालत नाही, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, हॉस्पिटल, शाळा, कोर्टाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथे त्याहून ५ कमी. डेसिबल हा सरळ आकडा नाही हे तुला शिकवलंय, १० ने वाढला म्हणजे ऊर्जा दहापट. रेल्वेनेही २०२२ मध्ये रात्री १० नंतर मोबाईलवर मोठ्याने बोलायला आणि गाणी वाजवायला मनाई केली. जत्रेतली नाटकं पालखी झाल्यावर सुरू व्हायची आणि पहाटेपर्यंत चालायची, त्यांना हे १० चं बंधन किती जाचतं ते मी जवळून बघतो आणि माझं मन तिथे दोन्हीकडे ओढलं जातं, पण नाटकाला गाव स्वतःहून चटई घेऊन येऊन बसतो, तुझ्या ब्लूटूथ स्पीकरला कोणी बोलावलेलं नसतं. बीचवर मित्रांबरोबर तो स्पीकर नेतोस तेव्हा वाटतं मोकळी जागा आहे, कोणाला त्रास. मागे माडांत घरं असतात रे. रात्री पाण्यावरून आवाज लांब जातो, आणि बेस तर भिंतीतून आत जातो, त्या घरातला माणूस पहाटे होडी घेऊन जाणारा असेल, त्याने आपल्या घरातून उठून कुठे जायचं?

आता उलटी बाजू. उद्या तुझ्या शेजारी कोणी असाच वाजवत बसला तर काय करायचं? एकदाच सांगायचं, हळू, फक्त त्याला ऐकू जाईल इतकं, आणि आपलं कारण पुढे करून, 'भाऊ, जरा कमी करशील? डोकं दुखतंय.' दहातले बरेच जण लगेच कमी करतात, लाजतात पण. त्या बाईंचं चुकलं असेल तर एवढंच की मोठ्याने झापलं, मोठ्याने झापलं की माणूस चूक विसरतो आणि इज्जत सांभाळायला लागतो, तुझंही तेच झालंय. दारू प्यायलेल्याला सांगायला जाऊ नकोस, कंडक्टरला सांग. आणि काहीही झालं तरी त्याचा व्हिडिओ काढून टाकू नकोस. आवाज पाच मिनिटांचा असतो, तो व्हिडिओ त्या माणसाच्या मागे वर्षभर फिरतो, हे मला त्या आवाजापेक्षा वाईट वाटतं.

इअरफोन घे, साधा घे, पण तो घालून फुल आवाज करू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, आणि ९० असेल तर फक्त ४ तास. कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, आणि कान गेलेला साऊंडवाला कोण बोलावणार? बसमध्ये एक कान उघडा ठेव, नाहीतर कंडक्टर 'फुडें वच, फुडें वच' (पुढे जा) ओरडत राहील आणि तू दारात उभा.

राहिले तुझे आजोबा. सोप्यावर बसून फोनवर कीर्तन लावतात आणि शेजारी कटकट करतात असं तू लिहिलंयस. त्यांना यातलं काही ऐकवू नकोस. म्हातारपणी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं आधी कमी होतं, शब्द फुटत नाहीत, म्हणून ते आवाज वाढवतात, आणि फोनच्या त्या नखाएवढ्या स्पीकरवर कितीही वाढवला तरी शब्द काही सुटे होत नाहीत. कानावर बसणारा वायरवाला हेडफोन दे, कानात घालायचे बड त्यांच्याकडून हरवतील, चार्जही होणार नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ असतं ते चालू करून दे, एका कानाने कमी ऐकू येत असेल तरी दोन्हीकडचं मिळेल. माझ्याकडे एक जुना हेडफोन पडलाय, त्याच्या गाद्या फाटल्यात तेवढ्या बदलायच्या आहेत, बुधवारी केबल गुंडाळायला येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा
काका