तुमची विडी, त्याचं नाक

ऊन तापलं की कुत्र्यांच्या खोकल्याचे आणि नाकातून रक्त येण्याचे प्रश्न वाढतात. घरात कोणी विडी-सिगारेट ओढतं, हे मात्र पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेलं असतं. ते आधी लिहीत चला. डॉक्टरांकडे गेल्यावरही आधी तेच सांगा.

मी खिडकीकडे तोंड करून सिगारेट ओढतो. कुत्रा पलंगाखाली असतो. त्याला काय होणार? (भुसावळ)

होतं. धुरातले कण खालीच बसतात, आणि तोही खालीच बसलेला असतो. ओढायचीच तर घराबाहेर जा.

आमचा कुत्रा गावठी आहे. त्यांना असलं काही बाधत नाही ना? (चोपडा)

बाधतं. जातीने फुफ्फुस बदलत नाही.

घरात कूलर चालू असतो, हवा खेळती राहते. तरी एअर प्युरिफायर घ्यावा का? कुत्र्यासाठी सुगंधी स्प्रेही मिळतो म्हणे. (अमळनेर)

कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. समोरची खिडकी उघडी नसेल तर धूर खोलीतच घुमत राहतो. एसी तर खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. प्युरिफायरमधली हेपा नावाची बारीक गाळणी कण अडवते, पण कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू तिच्यातून आरपार जातात. हे न सांगता 'धूरमुक्त घर' म्हणून यंत्र विकणं ही फसवणूक आहे. स्प्रे मारून वास झाकला जातो आणि कुत्र्याच्या नाकाला आणखी एक त्रास होतो. तो घेऊ नका.

धूर विरला तरी त्याचा थर पडद्यावर, गादीवर, कुत्र्याच्या केसांत राहतो आणि कुत्रा अंग चाटतो तेव्हा पोटात जातो. म्हणून त्याची गोधडी आठवड्याला गरम पाण्यात धुवा. फरशी नुसती झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. रोज संध्याकाळी ओल्या कापडाने त्याचे पंजे आणि पाठ पुसा. ओढून आलेल्याने हात धुऊन, सदरा बदलूनच त्याला जवळ घ्यावं. एवढं करूनही घरातली विडी चालूच राहिली तर फार फरक पडणार नाही.

आमच्या पॉमेरेनियनला कोरडा खोकला आहे. सासरे ओट्यावर विडी ओढतात. मेडिकलमधून माणसाचं सिरप आणून दिलं तर? (शिरपूर)

देऊ नका. काही सिरपांत पॅरासिटामॉल असतं, काहींत गोडव्यासाठी घातलेलं झायलिटॉल. दोन्ही कुत्र्याला विषारी. पट्टा ओढला की हंसासारखा कर्कश खोकला येत असेल तर श्वासनलिका दबत असण्याची शक्यता असते. लहान जातींत हे नेहमीचं आहे आणि धुराने ते चिघळतं. गळ्यातला पट्टा काढून छातीचा पट्टा वापरा. खोकल्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, कारण दवाखान्यात गेल्यावर कुत्रा नेमका खोकतच नाही. तो गाढ झोपला असताना मिनिटाचे श्वास मोजा. सतत ३० च्या वर असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून तपासून घ्या. खोकला हृदयाचाही असू शकतो.

आठ वर्षांचा जर्मन शेफर्ड आहे. डाव्या नाकपुडीतून तिसऱ्यांदा रक्त आलं. उन्हाने घोळणा फुटला म्हणून कांदा हुंगवला, डोक्यावर पाणी मारलं. मागच्या वेळी अँटिबायोटिकने थांबलं होतं. घरात दोघं सिगारेट ओढतात. (चाळीसगाव)

'घोळणा फुटला' या दोन शब्दांनी आपल्याकडे कुत्र्यांचे महिनेच्या महिने वाया जातात. खानदेशात पारा ४५ वर जातो म्हणून नाकातून आलेल्या प्रत्येक रक्ताचा दोष उन्हावर टाकता येत नाही. कांदा तर अजिबात नको. तो कुत्र्याने खाल्ला तर त्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

आधी गोचीड ताप बघा. त्यात रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, घटतात आणि नाकातून रक्त येतं. आपल्याकडे हे कारण फार सापडतं. कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिड्या शोधा. रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या. वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू झाला तरी एका बाजूने स्राव येतो.

पण वय जास्त, नाक लांब, रक्त एकाच बाजूने आणि पुन्हा पुन्हा, ही खूण मला घाबरवते. लांब नाकात धुरातले कण अडकतात आणि तिथल्या अस्तरावर बसून राहतात. आखूड नाकाच्या पगमध्ये तेच कण जास्त प्रमाणात खाली फुफ्फुसात उतरतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या १९९८ च्या अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्यांच्या घरातल्या लांब नाकाच्या कुत्र्यांत नाकाच्या कॅन्सरचा धोका सुमारे दुप्पट आढळला. अँटिबायोटिकने रक्त थांबलं याचा आनंद मानू नका. नाकात गाठ असली तर तिच्यावर बसलेला जंतुसंसर्ग तेवढा ओसरतो, गाठ आत वाढतच राहते.

आज घरी एक करा. स्टीलची ताटली फ्रीजमध्ये गार करून, कोरडी पुसून त्याच्या नाकासमोर धरा. वाफेचे दोन ठिपके उमटले पाहिजेत. डावीकडचा उमटत नसेल किंवा पुसट असेल तर ती वाट बंद होत आली आहे. उमटला म्हणून निर्धास्तही राहू नका. ॲस्पिरिन किंवा माणसाची कुठलीही वेदनाशामक गोळी देऊ नका, रक्त अजून वाहील. रक्ततपासणी, दात, नाकाचा एक्स-रे आणि गरज पडली तर सीटी स्कॅन व तुकडा काढून तपासणी, या क्रमाने डॉक्टर जातील. सीटीसाठी मोठ्या शहरात जावं लागलं तर जा. हे सगळं या आठवड्यात करा, पाऊस पडेपर्यंत थांबू नका.

आमच्याकडे धूर नाही, फक्त तंबाखू मळतात. चार किलोच्या पिल्लाने चुना लावलेली पुडी फाडून खाल्ली तर? (शहादा)

ही धुराहूनही तातडीची गोष्ट आहे. किलोमागे सुमारे १ मिलिग्रॅम निकोटीन पोटात गेलं तरी लक्षणं सुरू होतात, म्हणजे या पिल्लाला ४ मिलिग्रॅम पुरेसं. सिगारेटच्या एका थोटकातही एवढं उरू शकतं, पुडीत तर कितीतरी जास्त. चुन्यामुळे निकोटीन लवकर शोषलं जातं, शिवाय चुना तोंड भाजतो. ॲसिडिटीचं औषधही देऊ नका, चुन्यासारखंच तेही पोटातलं आम्ल मारतं आणि शोषण वाढवतं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. तूप पाजलं तर ठसका लागून फुफ्फुसात जाईल. लाळ, उलटी, थरथर अनेकदा तासाभरातच दिसते. लक्षणांची वाट न बघता तोंडातली तंबाखू ओल्या कापडाने पुसून काढा, किती वाजता आणि किती खाल्लं ते लिहा, फाटलेली पुडी बरोबर घ्या आणि दवाखान्यात फोन करूनच निघा.