‘ओमियागे’च्या दुकानाला मराठीत काय म्हणावे?

जपानमधील इसे-शिमा या किनारी प्रदेशाची माहिती मराठी पर्यटकांसाठी लिहिणाऱ्या एका भाषांतरकाराचा प्रश्न असा आहे: तेथील दुकानांवर ‘ओमियागे’ (प्रवासाहून घरच्यांसाठी आणायची वस्तू) आणि ‘तोकुसान’ (त्या प्रदेशाचे खास उत्पादन) हे दोन शब्द जागोजागी दिसतात, त्यांना मराठीत काय म्हणावे? त्यांनी स्वतः ‘स्मरणिका दुकान’ आणि ‘विशेष दुकान’ असे शब्द योजले आहेत आणि ते चालतील का, अशी त्यांना शंका आहे. माझ्या मते दोन्ही बदलावेत. कारणे जरा विस्ताराने देतो, कारण पुढे याच जातीचे आणखी शब्द त्यांच्या वाटेत येणार आहेत.

‘स्मरणिका’ हा शब्द मराठीत आधीच एका अर्थाने रुळलेला आहे. संमेलन, परिषद किंवा एखाद्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव यांच्या निमित्ताने लेख, छायाचित्रे आणि जाहिराती घालून जे पुस्तक काढतात त्याला आपण स्मरणिका म्हणतो. त्यामुळे ‘स्मरणिका दुकान’ वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर छापील अंकांचे गठ्ठे येतील. ‘स्मृतिचिन्ह’ म्हणावे तर ते सत्कारात शाल-श्रीफळाबरोबर हाती पडते. ‘भेटवस्तू’ अर्थाने फार लांबची नाही, पण तिच्यामागे वाढदिवस, लग्न, वास्तुशांत असा एखादा प्रसंग गृहीत असतो. शिवाय ओमियागे कोणासाठी घेतात, हे या तिन्हींपैकी एकही शब्द सांगत नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. ओमियागे मुळात घरी राहिलेल्यांसाठी असते. घरची माणसे, शेजारी, कचेरीतले सहकारी यांना वाटण्यासाठी ते आणले जाते आणि बहुतेक वेळा ते खाण्याचे असते. प्रवाशाने स्वतःसाठी काही घेतले, तर जपानी माणूस त्याला मुद्दाम ‘स्वतःसाठीचे ओमियागे’ म्हणतो. असे विशेषण जोडावे लागते यातच नुसत्या शब्दाचा कल कुठे आहे ते कळते.

जपानी लिपीत हा शब्द दोन चित्राक्षरांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ माती किंवा भूमी, दुसऱ्याचा उपजणे किंवा पिकणे. म्हणजे लेखी रूप पाहिले तर ‘त्या मातीत पिकलेले’. ही जोडी चिनी वळणाने ‘दोसान’ अशी वाचतात आणि त्या वाचनाचा अर्थ एखाद्या प्रदेशाचे उत्पन्न एवढाच असतो. ‘मियागे’ हा देशी शब्द त्या अक्षरांवर वरून बसवलेला आहे, त्यामुळे अक्षरांच्या सुट्या वाचनातून तो उच्चार निघत नाही. आरंभीचा ‘ओ’ हा आदरार्थी उपसर्ग होय. ‘मियागे’च्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. नीट पाहून निवडलेली वस्तू या अर्थाचे ‘मिआगे’ हे त्याचे मूळ, असे एक मत आहे. दुसरे मत अधिक लोकप्रिय आहे: ‘मिया’ म्हणजे देवस्थान आणि ‘के’ म्हणजे पात्र, तेव्हा देवस्थानातून आणलेले ते ‘मियाके’ आणि त्याचे पुढे ‘मियागे’. हे दुसरे मत ऐकायला गोड आहे, म्हणूनच ते देताना ‘असे म्हणतात’ एवढी सावधगिरी बाळगावी.

यात्रेशी असलेले नाते मात्र व्युत्पत्तीवर अवलंबून नाही, ते इतिहासात सापडते आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण इसे हेच आहे. एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 या काळात, सामान्य शेतकऱ्याला लांबच्या प्रवासाची मोकळीक नसे, पण इसेच्या देवस्थानाला जायचे म्हटले की अडवणूक कमी होई. एवढा खर्च एकट्याला झेपणारा नव्हता, म्हणून गावोगाव ‘इसे-को’ नावाची मंडळे निघाली, ज्यांत सगळे सभासद वर्गणी साठवत आणि चिठ्ठीत ज्यांचे नाव निघे ते सर्वांच्या वतीने यात्रेला जात. या व्यवस्थेला ‘यात्रेची भिशी’ म्हणावे, मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. निघणाऱ्याच्या हातावर आप्त आणि शेजारी ‘सेनबेत्सू’ म्हणजे वाटखर्चाचे पैसे ठेवत, आणि ते घेतल्यावर परतताना प्रत्येकासाठी काहीतरी आणणे भागच असे. दुसऱ्यांच्या पैशाने आणि दुसऱ्यांच्या वतीने जाऊन आलेल्या माणसाने आणलेली ती वस्तू होती; न गेलेल्यांना यात्रेतला वाटा तिच्यातून पोचत असे. 1650, 1705, 1771 आणि 1830 या वर्षांत तर ‘ओकागे माइरी’ नावाच्या यात्रेच्या प्रचंड लाटा आल्या आणि शेवटच्या लाटेत चाळीस लाखांहून अधिक लोक इसेला गेले असे सांगतात.

या यात्रेकरूंची राहण्याजेवण्याची आणि पूजेची सोय ‘ओन्शी’ पाहत. त्यांना पुरोहित किंवा एजंट न म्हणता क्षेत्रोपाध्ये म्हणावे, कारण ठरलेले यजमान, त्यांच्या उतरण्याची व्यवस्था आणि त्यांच्याकडून मिळणारी दक्षिणा हे सगळे त्या एका मराठी शब्दात येते. ओन्शी स्वतःही गावोगाव फिरून देवस्थानाचा ताईत आणि इसेचे पंचांग यजमानांना पोचवत असत. 1871 मध्ये ही पद्धत सरकारने बंद केली. पायी चालणाऱ्याला ओझे नको असते, म्हणून त्या काळचे ओमियागेही हलके असे: पंचांग, औषधी गोळ्या, चेहऱ्याला लावायची पांढरी पूड, चामड्यासारख्या दिसणाऱ्या कागदाचे तंबाखूचे बटवे. खाद्यपदार्थांचा वरचष्मा झाला तो रेल्वे आल्यावर, जेव्हा नाशवंत जिन्नसही घरी वेळेत पोचू लागला.

आजचे इसे पाहायचे तर तेथल्या दोन मुख्य देवस्थानांपैकी आतल्या देवस्थानापुढच्या उजी पुलाशी सुरू होणारा ओहाराईमाची हा सुमारे 800 मीटरचा फरसबंद रस्ता पाहावा. त्याच्या मध्यावर 1993 मध्ये वसवलेली ‘ओकागे योकोचो’ आहे; ‘योकोचो’ म्हणजे गल्ली आणि ‘ओकागे’ म्हणजे कृपा, तेव्हा तिला कंसात ‘कृपेची गल्ली’ म्हणायला हरकत नाही. येथेच 1707 पासून चालत आलेले अकाफुकू हे दुकान आहे. तांदळाच्या चिकट, मऊ गोळ्यावर (जपानीत ‘मोची’) अझुकी या लाल कडधान्याचे गोड पुरण असे त्याच्या पदार्थाचे रूप आहे. उकडीच्या मोदकात सारण आत असते, येथे ते बाहेर असते आणि त्यावर बोटांनी उमटवल्यासारख्या तीन खळग्या असतात. पुरण म्हणजे जवळून वाहणाऱ्या इसुझू नदीचा प्रवाह आणि खालचा पांढरा गोळा म्हणजे तिच्या तळाचा गोटा, असा त्याचा अर्थ सांगतात. आठ किंवा बारा नगांच्या पेटीत हे गोळे एकमेकांना चिकटून बसलेले असतात आणि सोबतच्या लाकडी चमच्याने ते सोडवून घ्यावे लागतात. उन्हाळ्यात दोन दिवस आणि हिवाळ्यात तीन दिवस, एवढेच ते टिकतात. कचेरीत वाटण्यासाठी जपानी माणूस सुटी वेष्टने असलेले, मोजून देता येतील असे जिन्नस पसंत करतो. हा त्यातला नव्हे, घरी पेटी मधोमध ठेवून सगळ्यांनी मिळून खाण्याचा आहे. भाषांतरकारांना येथे एक सूचना: ‘मोची’ या शब्दाला मराठीत वेगळाच अर्थ आहे, म्हणून पहिल्या उल्लेखात तरी ‘तांदळाची मोची’ असेच लिहावे.

या किनाऱ्याने जपानच्या देण्याघेण्याला आणखी एक गोष्ट दिली आहे आणि ती सांगितल्यावाचून ही चर्चा पुरी होणार नाही. जपानमध्ये शुभप्रसंगीच्या रीतसर भेटीच्या कागदावर उजवीकडे वरच्या कोपऱ्यात घडी घातलेल्या लाल-पांढऱ्या कागदाचे एक छोटे चिन्ह असते आणि त्याच्या मधोमध एक पिवळी पट्टी दिसते. या चिन्हाला ‘नोशी’ म्हणतात. ती पिवळी पट्टी मुळात आवाबी या शिंपल्याच्या मांसाची आहे. तोबा शहरातील कुझाकी या गावी आजही आवाबीचे मांस सफरचंदाच्या सालीसारखे लांबलचक सोलून काढतात, वाळवतात, ताणून सपाट करतात आणि इसेच्या देवस्थानाला अर्पण करतात. ताणून सपाट करणे या क्रियेवरूनच ‘नोशी’ हे नाव आले. पुढे खऱ्या पट्टीच्या जागी कागद आला, नंतर नुसते छापील चित्र आले, पण ओळख तीच राहिली. तेव्हा माहितीपत्रकात ‘नोशी’ आल्यास ‘शुभचिन्ह’ म्हणून मोकळे होऊ नये. त्याच किनाऱ्यावर उभे असलेल्या पर्यटकाला हे मूळ सांगायलाच हवे.

आता मराठी शब्दाकडे येतो. मला जवळचे वाटणारे शब्द तीन. पहिला ‘प्रसाद’: इसेहून आणलेल्या ताइतासाठी आणि पंचांगासाठी तो चपखल बसतो, पण सुक्या मासळीच्या पुड्याला लागू होत नाही. दुसरा ‘वानवळा’, काही भागांत ‘वानोळा’. शेतातले नवे धान्य, परसातली भाजी, पहिले फळ आप्तांकडे थोडेसे पाठवतात तो वानवळा. ‘त्या मातीत पिकलेले’ हा जपानी अक्षरांचा अर्थ आणि वानवळ्याचा अर्थ इतके जवळ आहेत की मोह व्हावा, परंतु वानवळा स्वतःच्या रानातला असतो आणि ओमियागे दुसऱ्याच्या गावात विकत घेतलेले असते, म्हणून दुकानाच्या पाटीवर हा शब्द चढवणे बरोबर होणार नाही. तिसरा ‘खाऊ’. बाहेरगावाहून आलेल्याने घरच्यांसाठी, विशेषतः मुलांसाठी, आणलेला जिन्नस म्हणजे खाऊ. आणणारा, वाट पाहणारे आणि वाटून घेणे हे सगळे या शब्दात आहे. तो फक्त मुलांचा राहिलेला नाही, कचेरीतही आता ‘गावाहून खाऊ आणलाय’ असे सहज म्हणतात. खाण्याच्या ओमियागेसाठी मी निःशंकपणे ‘खाऊ’ हाच शब्द सुचवतो आणि अशा दुकानाला ‘प्रवासी खाऊचे दुकान’ न म्हणता साधेपणाने ‘घरी न्यायच्या खाऊचे दुकान’ म्हणावे असे मला वाटते. शब्द एक अधिक लागतो, पण अर्थ पुरा पोचतो.

‘ओमियागे’चा भाऊबंद ‘तेमियागे’ येथे वेगळा ठेवावा. कोणाच्या घरी जाताना हाती घेऊन जायची वस्तू ती तेमियागे. प्रवासाशी तिचा संबंध असलाच पाहिजे असे नाही. ‘कोणाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये’ या आपल्या वाक्यात ती कल्पना पूर्ण येते.

‘तोकुसान’ला ‘विशेष’ हा शब्द लावल्याने वाचकाला काहीच कळत नाही. तोकुसान म्हणजे त्या प्रदेशात खास होणारे उत्पादन, आणि त्यासाठी ‘इथली खासियत’ हा बोलीतला शब्द उत्तम आहे; औपचारिक मजकुरात ‘स्थानिक उत्पादने’ चालेल. ‘मेइबुत्सू’ हा तिसरा शब्द भेटेल. त्याचा भर नावलौकिकावर असतो, म्हणून ‘इथला नावाजलेला जिन्नस’. इसे-शिमाच्या किनाऱ्यावर खासियत म्हणून जे विकले जाते ते समुद्राचे आहे: शेवंड, शिंपले, खारवून वाळवलेली मासळी, आओसा आणि हिजिकी या समुद्री वनस्पती. यांपैकी ‘इसे-एबी’ला ‘इसेची कोळंबी’ म्हणू नये. ती शेवंड आहे आणि कोकणातल्या वाचकाला तो शब्द ताबडतोब कळेल.

इंग्रजीच्या वाटेने आलेल्या मजकुरात आणखी एक गोंधळ होतो. एकाच प्रकारचा माल ठेवणाऱ्या दुकानाला जपानीत ‘सेन्मोन्तेन’ म्हणतात आणि प्रदेशाच्या खास मालाला ‘तोकुसान’. इंग्रजी भाषांतरात दोन्हींकडे ‘स्पेशालिटी’ हे एकच विशेषण येते आणि तेथून ‘विशेष दुकान’ जन्मते. मराठीची रीत सरळ मालाचे नाव घेण्याची आहे. तोबा येथे मिकिमोतो कोकिची यांनी 1893 मध्ये अकोया शिंपल्यात मोती पिकवण्यात पहिले यश मिळवले आणि त्या गावातली मोत्यांची दुकाने त्या परंपरेतली आहेत. त्यांना ‘मोत्यांची दुकाने’ किंवा मोठ्या व्यापाऱ्याच्या बाबतीत ‘मोत्यांची पेढी’ म्हणावे, दुसरे काही जोडू नये.

न खाण्याच्या वस्तूंचा प्रश्न उरतो. ओसात्सू गावात शिनमेई देवस्थानाशी तागाच्या कापडाचे छोटे ताईत मिळतात आणि त्यांवर दोन खुणा असतात. एक तारा, जो एकाच रेघेत काढता येतो आणि जिथून सुरू झाला तिथेच संपतो; दुसरी उभ्या-आडव्या रेघांची जाळी. श्वास रोखून शिंपले काढणाऱ्या ‘आमा’ स्त्रिया याच खुणा डोक्याच्या फडक्यावर शिवून घेतात: ताऱ्याची रेघ परत येते तसे आपणही पाण्यातून वर यावे आणि जाळीच्या अनेक डोळ्यांनी वाईटावर नजर ठेवावी, ही त्यामागची भावना. फुतामी येथे बेडकांच्या मूर्ती मिळतात, कारण ‘काएरू’ या उच्चाराचा एक अर्थ बेडूक आणि दुसरा परत येणे. अशा वस्तू सुखरूप परतण्याशी बांधलेल्या आहेत, म्हणून त्यांना ‘शोभेच्या वस्तू’ म्हटले तर अर्थ हरवतो. ताइताला ‘ताईत’ आणि बेडकाला ‘फुतामीचा बेडूक’ असे नाव घेऊन सांगावे, आणि सगळ्यांना मिळून एक शब्द हवाच असेल तर ‘आठवणीच्या वस्तू’ पुरेसा आहे.

शेवटी लेखनाबद्दल. मजकुरात एकदा तरी मूळ शब्द ठेवावा, कारण पर्यटकाला तो पाटीवर ओळखायचा आणि दुकानात कानांनी ऐकायचा आहे. तो ‘ओमियागे’ असाच लिहावा, ‘ओम्यागे’ असा नव्हे. ‘मि’ आणि ‘या’ यांचा उच्चार सुटा होतो. लिंग नपुंसक मानावे, ‘ओमियागे आणले’. ‘केळे’प्रमाणे त्याचे सामान्यरूप करून ‘ओमियाग्याचे दुकान’ लिहिण्याचा मोह होईल, पण आपण ‘कराटेचे वर्ग’ म्हणतो, ‘कराट्याचे’ म्हणत नाही. त्याच न्यायाने ‘ओमियागेचे दुकान’ हे रूप बरोबर आहे.