प्लेटमध्ये जंत मेले, तरी ते रसायन लगेच औषध का होत नाही?

तुम्ही विचारलंय की प्रयोगशाळेत जंत मारणारी रसायनं सापडतात, मग औषधं इतकी कमी का? मी याच चाचण्या करते, म्हणून लिहिते.

मुळात जंत मेला हे ठरवणंच अवघड. ९६ वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये जंताच्या अळ्या घालायच्या, त्यांवर वेगवेगळ्या प्रमाणात रसायन आणि काही वेलमध्ये तुलनेसाठी नुसतं डीएमएसओ, म्हणजे रसायन ज्यात विरघळवतात तो द्रव. मग सूक्ष्मदर्शकाखाली हालचाल बघायची. काडीसारखी ताठ पडलेली अळी रसायन धुऊन काढल्यावर पुन्हा वळवळू शकते. अर्थात तेवढ्यावरून रसायन बाद करायचं नसतं. लेव्हामिसोल या औषधाने जंताचे स्नायू आखडतात, त्याला आतड्यात टिकून राहता येत नाही आणि तो शौचावाटे बाहेर पडतो.

अल्बेंडाझोल या दुसऱ्या औषधाचं नेमकं उलटं. ते जंताच्या बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं आणि सावकाश काम करतं. प्लेटमधले जंत बराच काळ हलतच राहतात. नुसती हालचाल मोजली असती तर इतकं उपयोगी औषध नापास झालं असतं! म्हणून अल्बेंडाझोलच्या गटातल्या औषधांसाठी अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात का, हे तपासतात.

हत्तीरोगावरच्या डीईसी या औषधाचं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्लेटमध्ये ते मायक्रोफायलेरियांचं, म्हणजे हत्तीरोगाच्या जंतांच्या रक्तातल्या पिल्लांचं, फारसं काही बिघडवत नाही, पण रुग्णाच्या रक्तातून त्यांना झपाट्याने कमी करतं, कारण त्या कामात शरीराच्या प्रतिकारशक्तीचा हात असतो. प्लेटमध्ये ती कुठून आणणार?

आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध १९७० च्या दशकात सापडलं ते जंत झालेल्या जिवंत उंदरांमुळे. जिवाणूंचं कल्चर त्यांच्या खाण्यात मिसळून दिलं होतं. जंत गेले आणि उंदीर जगला, म्हणजे परिणाम आणि विषारीपणा दोन्हींचा अंदाज एकदमच आला. या शोधासाठी कॅम्पबेल आणि ओमुरा या शास्त्रज्ञांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण प्राण्यांवर हजारो रसायनं तपासणं परवडत नाही, करूही नये. म्हणून आधी प्लेट, बऱ्याचदा सी. एलेगन्ससारख्या मातीतल्या सूत्रकृमीवर, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक जंतावर. तो वाढवायला सोपा, पण परजीवी नाही, आणि त्याच्या जाड आवरणातून बरीच रसायनं आत शिरतच नाहीत.

खरी गळती पुढे होते. जंत मारणारं रसायन माणसाच्या यकृतपेशीही त्याच प्रमाणात मारत असेल तर ते तिथेच बाद. आतड्यातल्या जंतांसाठी औषध रक्तात कमी शोषलं गेलं तरी चालतं, हत्तीरोगाच्या जंतांसाठी ते रक्तात पोचावंच लागतं.

तेव्हा अशी बातमी वाचलीत तर कोणता जंत, अंडं, अळी की प्रौढ, किती प्रमाणात आणि मानवी पेशींचं काय झालं, एवढं त्यात शोधा.