‘किमान २२ गेज’ : विनिर्देश, तपशील आणि निविदेतली मराठी

नागपूरच्या एका शिक्षणसंस्थेच्या लेखा विभागातून आलेला प्रश्न असा : उन्हाळ्याआधी वसतिगृहासाठी ४० डेझर्ट कूलर घ्यायचे आहेत. निविदा मराठीत काढायची आहे. स्पेसिफिकेशनला ‘विनिर्देश’ म्हणावं की ‘तपशील’? आणि परफॉर्मन्सला ‘कामगिरी’ की ‘कार्यक्षमता’?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. तपशील हा मूळचा अरबी शब्द. आहे त्या गोष्टीची फोड म्हणजे तपशील : बिलाचा तपशील, खर्चाचा तपशील, प्रवासाचा तपशील. वस्तू अजून यायची आहे, ती कशी हवी हे आधी ठरवून द्यायचं, तो विनिर्देश. पुरवठादार दरपत्रकात आपल्या कूलरचं वर्णन लिहितो तो त्याच्या मालाचा तपशील, आणि तुम्ही निविदेत लिहिता ते विनिर्देश. कूलर आला की या दोन कागदांची ओळीला ओळ लावून ताडणी करायची असते. दोन्ही कागदांना एकच नाव दिलं तर भांडणाच्या वेळी ‘तपशिलानुसार’ म्हणजे कोणाच्या, हा घोळ होतो. तिसरा शब्द मानक. ते भारतीय मानक ब्यूरोचं, सगळ्यांसाठी एकच. डेझर्ट कूलरसाठी आयएस ३३१५ आहे. तुमच्या विनिर्देशात त्याचा हवाला देता येतो, पण टाकी किती लिटरची आणि पंखा किती इंची हे तुम्हालाच लिहावं लागेल.

‘विनिर्देश’ फार संस्कृत वाटतो, अशी तक्रार असते. नागपूरला ही घडण अनोळखी नसावी : १९५६ पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आणि संस्कृतावरून पारिभाषिक शब्द घडवणारे कोशकार डॉ. रघुवीर यांचं परिभाषेचं मोठं काम त्या काळात इथूनच चाललं. आवडत नसेल तर सरळ ‘स्पेसिफिकेशन’ लिहा. बाजार तेच बोलतो आणि त्याने कुणाचं बिघडत नाही.

बिघडतं ते क्रियापदांनी आणि विशेषणांनी. ‘उत्तम दर्जाचा पत्रा वापरावा’ हे वाक्य शेकडो निविदांत सापडेल. उत्तम मोजायचा कशाने? शिवाय ‘वापरावा’ हा विध्यर्थ. मराठीत विध्यर्थ आज्ञेलाही चालतो, इच्छेलाही आणि शक्यतेलाही. ‘पाऊस यावा’ म्हटल्याने ढगावर बंधन येत नाही. कार्यालयीन मराठीने यावर आपला तोडगा काढलेला आहे, तो म्हणजे ‘राहील’ : ‘बंधनकारक राहील’, ‘जबाबदारी पुरवठादाराची राहील’. कानाला रुक्ष लागतो, पण त्याचा दुसरा अर्थ निघत नाही. विनिर्देशात ‘असावी’ चालेल, मात्र सुरुवातीलाच एक ओळ हवी : ‘खालील प्रत्येक बाब पूर्ण करणे बंधनकारक राहील; एकही बाब अपूर्ण असल्यास माल नाकारला जाईल.’

आता शीर्षकातला ‘किमान’. कूलरच्या निविदेतली ही सर्वांत महागडी चूक. ‘बॉडीचा पत्रा किमान २२ गेज’ असं लिहिलं जातं. लिहिणाऱ्याच्या मनात ‘याहून पातळ नको’ असतं. पण गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचा क्रमांक, आणि त्याचा आकडा उलटा चालतो : आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. ब्रिटिश स्टँडर्ड वायर गेजप्रमाणे २० म्हणजे ०.९१ मिमी, २२ म्हणजे ०.७१, २४ म्हणजे ०.५६. पुरवठादार २४ गेजचा कूलर आणून उभा करतो आणि म्हणतो, किमान २२ सांगितलं होतं, मी तर २४ दिला! शब्दशः तो खोटं बोलत नाही. त्यातही गेजच्या मापनपद्धती एकाहून अधिक आहेत, म्हणजे नुसत्या ‘२२’ला पक्का अर्थच नाही. म्हणून गेज लिहूच नका. ‘पत्र्याची जाडी ०.७१ मिमीपेक्षा कमी नसावी’ असं लिहा, आणि पुढे ‘रंगाचा थर वगळून’ हे तीन शब्द जोडा. पावडर कोटिंगचा थर एका बाजूला साधारण ६० ते ८० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिमी) असतो. दोन्ही बाजूंचा धरला तर ०.५६चा पत्रा मायक्रोमीटर या जाडी मोजायच्या उपकरणात ०.७०च्या आसपास दिसतो. तपासताना कडेचा रंग खरवडून मोजायचं.

परफॉर्मन्सचं मात्र एका शब्दात भागत नाही. ‘कामगिरी’ माणसाची, संघाची. यंत्राच्या बाबतीत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमता म्हणजे मावतं किती, देतं किती : टाकी ६० लिटर, हवेचा झोत ताशी इतके घनमीटर. कार्यक्षमता म्हणजे गुणोत्तर. आणि ‘प्रत्यक्ष चालवून काय मिळालं’ ही चाचणी. निविदेत कार्यक्षमता लिहून क्षमतेचा आकडा देणं ही नेहमीची गल्लत.

कूलरची कार्यक्षमता अशी निघते : हवा जितकी थंड होऊ शकते त्याच्या किती टक्के थंड झाली. साध्या तापमापकावर ४४ अंश, आणि फुग्याला ओलं कापड गुंडाळलेल्या तापमापकावर २३ अंश, असं समजा. फरक २१. ओल्या तापमापकाचे २३ अंश ही मर्यादा, त्याखाली कूलर जाऊच शकत नाही. ८० टक्के कार्यक्षमता म्हणजे १६.८ अंशांची उतरण, ताटीतून, म्हणजे कूलरच्या ओल्या पॅडमधून, बाहेर पडणारी हवा सुमारे २७ अंशांची. जुलैच्या दमट हवेत दोन तापमापकांतला फरकच पाच-सहा अंशांवर येतो, मग तोच कूलर तितक्याच कार्यक्षमतेने जेमतेम चार-पाच अंश उतरवेल. म्हणून ‘कूलरने हवेचे तापमान १५ अंशांनी कमी करावे’ ही अट नागपूरच्या मे महिन्यात सोपी आणि पावसाळ्यात अशक्य. टक्के लिहा, आणि चाचणी कोणत्या महिन्यात, किती वाजता, ताटी किती वेळ भिजवून घ्यायची तेही लिहा. जाता जाता : ‘पॅड’ असं मोघम लिहू नका. वाळ्याची ताटी, वुडवूल (लाकडाचे तंतू) आणि हनीकोंब (कागदी जाळी) यांची किंमत आणि आयुष्य दोन्ही वेगळं.

करारातल्या शब्दांपैकी ‘दंड’ जास्त वापरला जातो आणि कमी समजला जातो. भारतीय करार अधिनियम, १८७२च्या कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम लिहिलेली असली, तिला दंड म्हणा की भरपाई, मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. त्यामुळे ‘विलंब भरपाई’ हा शब्द जास्त खरा. खरी मेख दरात नसून ‘कशावर’ यात आहे. समजा कूलर ९,५०० रुपयांचा, ४० नगांचे ३,८०,००० रुपये, भरपाई आठवड्याला अर्धा टक्का. २८ कूलर वेळेत आले, १२ दहा दिवस उशिरा. ‘आठवडा किंवा त्याचा भाग’ असं लिहिलं असेल तर दहा दिवस म्हणजे दोन आठवडे, एक टक्का. एकूण किमतीवर धरलं तर ३,८०० रुपये, उशिरा आलेल्या मालावर धरलं तर १,१४०. ‘विलंबित मालाच्या किमतीवर’ की ‘आदेशाच्या एकूण किमतीवर’, हे लिहिलं नसेल तर दोघेही आपापल्या सोयीचं वाचतात. कमाल मर्यादाही लिहावी. दहा टक्के हा आकडा बऱ्याच करारांत असतो.

बयाणा, अनामत आणि इसार यांची सरमिसळ टाळा. निविदेसोबत भरायची ती बयाणा रक्कम, काम मिळाल्यावर ठेवायची ती अनामत म्हणजे सुरक्षा ठेव, आणि इसार जमिनीच्या सौद्यातला.

उरली ‘हमी’. मराठीत गॅरंटीलाही हमी, वॉरंटीलाही हमी. बँक हमीत पुरवठादार चुकला तर बँक पैसे देते, म्हणजे तिसरा पक्ष असतो. वॉरंटी हा विकणाऱ्याचा मालाबद्दलचा शब्द, आणि वस्तुविक्री अधिनियम, १९३० प्रमाणे ती मोडली तर भरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. परत करायचा हक्क हवा असेल तर ती बाब मुख्य शर्त म्हणून लिहावी लागते. तेव्हा इथे ‘वॉरंटी’ हाच शब्द देवनागरीत ठेवलेला बरा. आणि ‘एक वर्षाची वॉरंटी’ कधीपासून, हेही सांगा. कूलर फेब्रुवारीत गोदामात उतरतात, एप्रिलमध्ये खिडक्यांना बसतात. ‘पुरवठ्याच्या दिनांकापासून’ लिहिलं तर पुढच्या उन्हाळ्यात पंप जळेपर्यंत मुदत संपलेली असेल. ‘बसवून, पाणी भरून, चालवून दाखविल्याच्या दिनांकापासून’ असं लिहा, आणि त्या दिनांकाच्या नोंदीवर वसतिगृह अधीक्षकांची सही घ्या.