बेटावरच्या गुहा, गुप्तधन आणि एक आंधळा किडा

तुम्ही विचारलंय, की स्पेनच्या बॅलेरिक बेटांवरच्या गुहा पहिल्यांदा कुणी धुंडाळल्या आणि त्यातून पर्यटनापलीकडं काही हाती लागलं का. मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. त्यामुळं उत्तर एका किड्याकडं झुकणार, हे आधीच कबूल करतो.

गुहा म्हटलं की आपल्यासमोर जोतिबाजवळची पोहाळे लेणी येतात. ती माणसानं छिन्नीनं काळ्या दगडात कोरलेली. बॅलेरिकपैकी मायोर्का बेटावरचा दगड चुनखडीचा. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पाणी किंचित आंबट होतं आणि तो दगड हळूहळू विरघळवतं. पाथरवट म्हणाल तर पाणीच.

तिथली पोर्तो क्रिस्तोजवळची द्राक गुहा सगळ्यांत प्रसिद्ध. तिचा जुना लेखी उल्लेख १३३८ सालचा, तोही गुप्तधन शोधायला आत शिरलेल्या लोकांबद्दलचा! वाचून हसू आलं. पन्हाळ्याच्या भुयारांत सोन्याचा हंडा बघितलेले कुणाचे तरी आजोबा आपल्याकडंही असतातच.

१८७८ मध्ये बार्सिलोनाहून आलेले दोघे वाटाड्यासकट आत वाट चुकले होते. १८८० मध्ये विल नावाच्या जर्मन माणसानं काही दालनांचा नकाशा काढला. मग १८९६ मध्ये आला एदुआर-आल्फ्रेद मार्तेल, पेशानं वकील आणि नादानं गुहावेडा. त्याला बोलावणारा होता ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातला आर्चड्यूक लुडविग साल्वाटोर. मार्तेल पुढं सरकत गेला आणि जमिनीखालच्या एका मोठ्या तळ्याशी पोचला. आज ते त्याच्याच नावानं ओळखलं जातं, त्यात होड्या फिरतात, वाद्यं वाजतात. बहुतेक लोक गोष्ट इथंच संपवतात.

माझ्या मते खरी गोष्ट १९०४ मध्ये सुरू होते. एमिल राकोवित्सा हा रुमानियन प्राणिशास्त्रज्ञ. बेल्जिका जहाजावरून अंटार्क्टिका बघून आलेला, समुद्री जीवांचा अभ्यासक. त्याला द्राकच्या पाण्यात एक छोटा, बिनरंगाचा, बिनडोळ्यांचा जीव दिसला. कुंडी उचलली की खाली राखाडी किडे दिसतात ना, हात लावला की गोळी होणारे? त्यांचाच लांबचा पाण्यातला भाऊबंद. टिफ्लोसिरोलाना मोराग्वेसी हे त्याचं नाव. समुद्रातल्या जीवाचे वंशज अंधारात अडकले की डोळे का जातात, रंग का जातो, या प्रश्नानं राकोवित्सानं समुद्राचं काम मागं टाकलं. १९०७ मध्ये त्यानं गुहांमधल्या जीवसृष्टीवर मोठा निबंध लिहिला. या अभ्यासशाखेची सुरुवात तिथून धरतात. १९२० मध्ये त्यानं रुमानियातल्या क्लुज शहरात गुहाशास्त्राची संस्था काढली, जगातली पहिली.

ब्रिटिश जीवाश्मशास्त्रज्ञ डोरोथिया बेट यांचं नावही विसरू नका. १९०९ मध्ये त्या मायोर्काच्या गुहांतली हाडं शोधत गेल्या आणि त्यांना बकरीसारख्या एका नामशेष प्राण्याचे अवशेष मिळाले. त्याचे डोळे समोर वळलेले, आणि खालचे पुढचे दात उंदरासारखे आयुष्यभर वाढणारे! वर्गात चित्र दाखवलं की पोरं म्हणतात, "सर, हे तुम्हीच काढलंय."

आणि हे काम अजून चालू आहे. किनाऱ्याजवळच्या या गुहांतलं पाणी समुद्राच्या पातळीबरोबर वरखाली होतं. ते जिथं बराच काळ टेकतं, तिथं लोंबत्या चुनखडीच्या खांबांवर जाड कडं साचतं. आपल्या बंबात आतून क्षार धरतो, तसंच. त्या कड्यांचं वय काढून संशोधकांनी २०१० मध्ये मांडलं, की सुमारे ८१,००० वर्षांपूर्वी तिथला समुद्र आजच्यापेक्षा मीटरभर वर होता. आमच्या गल्लीत २०१९ च्या पुराची रेघ एका भिंतीवर ऑइलपेंटनं मारून ठेवलीय, पोरं तिथं उभी राहून आपली उंची मोजतात. संशोधकही त्या खांबांवर तेच करतात, फक्त रेघ मारायला तिथं कुणी नव्हतं.